झाडाखालची पेटी

गणपतीची आरास असो, दिवाळीतला किल्ला असो की नाताळचे झाड असो, पाहणाऱ्याची नजर वर जाते. मूर्ती, बुरूज, चांदण्या आणि लुकलुकणारे दिवे यांच्याकडे तो पाहत राहतो. आरास करणाऱ्याचा जीव मात्र खाली अडकलेला असतो. मखराच्या चौरंगामागे, किल्ल्याच्या विटांआड किंवा झाडाच्या बुडाशी एखाद्या खोक्यासारखी बैठक असते. तारा तिथून निघतात, मोटार तिथेच घरघरते, आणि ऐन आरतीच्या वेळी काही बिघडले तर पालथे पडून हात घालावा लागतो तोही तिथेच. पाहुणे आले की या बैठकीवर चादर टाकून ती झाकण्याची आपली पद्धत आहे.

या लेखात आपण ती चादर जरा बाजूला करू. सजावटीच्या दिव्यांचा इतिहास सांगताना सहसा मेणबत्ती, मग तंतूचा दिवा, मग एलईडी असा क्रम सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. दिवा बदलला त्या प्रत्येक वेळी त्याच्या बैठकीला नवे काम शिकावे लागले. सजावटीतली गंमत आणि तिच्यातला धोका ही दोन्ही बैठकीत अधिक दडलेली असतात, असे आमचे मत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी किंवा शाळेच्या गणपतीसाठी मुलांकडून दिव्यांची बैठक करून घेणाऱ्या शिक्षकांना म्हणूनच हा इतिहास कामाचा वाटावा.

सुरुवात विजेच्या आधीपासून करू. जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर एर्झगेबिर्ग नावाची डोंगररांग आहे. या नावाचा अर्थच मुळी खनिजांचा डोंगर. तिथे शतकानुशतके चांदी आणि कथील यांच्या खाणी चालत. खाणी आटू लागल्या तशी झायफन आणि आसपासच्या गावांतली खाणकामगार कुटुंबे लाकूडकामाकडे, विशेषतः लाकडी खेळणी करण्याकडे वळली. नाताळात घरोघरी मांडला जाणारा 'पिरॅमिड' हा या मुलखातला खास पदार्थ. लाकडी चौकट, तिच्या मधोमध उभा दांडा, दांड्यावर एकावर एक बसवलेल्या गोल चकत्या, आणि चकत्यांवर येशूजन्माच्या प्रसंगातल्या मूर्ती, खाणकामगार, जंगलातले प्राणी. दांड्याच्या टोकाला तिरप्या पात्यांचा पंखा. आणि तळाच्या बैठकीवर कडेने मेणबत्त्या.

मेणबत्त्या पेटवल्या की वरची हवा तापते, हलकी होऊन वर चढते, तिरप्या पात्यांना ढकलते, आणि अख्खा देखावा संथपणे फिरू लागतो. किल्ली नाही, स्प्रिंग नाही. दांड्याचे खालचे टोक सुईसारखे अणकुचीदार करून काचेच्या किंवा धातूच्या लहानशा वाटीत टेकवलेले असते, म्हणून घर्षण नगण्य. पाती हाताने थोडी फिरवून त्यांचा तिरपेपणा कमी-जास्त करता येतो आणि वेग ठरवता येतो. इयत्ता सातवीला उष्णतेचे अभिसरण शिकवताना आपण पाण्यात पोटॅशिअम परमँगनेटचे खडे टाकतो. त्याच्या जोडीला कागदी सापाचा किंवा पत्र्याच्या पंख्याचा प्रयोग केला तर हाच पिरॅमिड वर्गात उभा राहतो.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की या बैठकीतली मेणबत्ती दोन कामे करते. ती उजेड देते आणि इंजिन चालवते. किंबहुना तिच्या ऊर्जेचा फार थोडा भाग उजेडात जातो आणि बाकी सारी उष्णता होते, म्हणूनच देखावा फिरतो. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

झाडावर मेणबत्त्या लावण्याची रीतही जर्मन मुलखातलीच. एका तारांकित रात्री मार्टिन ल्यूथरला ती सुचली अशी कथा सांगतात, पण तिला समकालीन पुरावा नाही. भरवशाचा जुना उल्लेख आहे तो ओर्लेआंची डचेस एलिझाबेथ शार्लोट हिच्या पत्रातला. १७०८ साली मुलीला लिहिताना तिने आपल्या बालपणीच्या जर्मनीतील नाताळाचे वर्णन केले आहे. टेबले सजवलेली, त्यांवर बॉक्सवुडची लहान झाडे आणि फांदीफांदीवर मेणबत्ती. ही झाडे निदान टेबलावरची होती. पुढे जमिनीवर उभे केलेले, छताला भिडणारे सूचिपर्णी झाड आले. राळेने भरलेले आणि घरात आणल्यापासून रोज वाळत जाणारे. त्याच्या फांद्यांवर उघड्या ज्योती! मेणबत्ती सरळ राहावी म्हणून खाली वजन लोंबणारे धारक निघाले, चिमट्याचे धारक निघाले. तरीही झाड थोडाच वेळ पेटवायचे आणि शेजारी पाण्याची बादली ठेवायची, हाच खरा उपाय राहिला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मायकेल फॅरेडेने मुलांना मेणबत्तीचा रासायनिक इतिहास समजावून दिला, तो याच काळात. ज्योतीचे शास्त्र लोकांना इतके उत्तम समजावले जात होते आणि घरोघरी त्याच ज्योती वाळल्या झाडाला बांधल्या जात होत्या.

जॉन्सनची फिरती बैठक

२२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये, पूर्व ३६ व्या रस्त्यावरच्या एका घरात विजेच्या दिव्यांनी उजळलेले नाताळचे पहिले झाड उभे राहिले. घर होते एडवर्ड जॉन्सन यांचे. ते एडिसनचे जुने सहकारी आणि एडिसनच्या वीजकंपनीचे उपाध्यक्ष. पर्ल स्ट्रीटवरचे एडिसनचे वीजकेंद्र सुरू होऊन (४ सप्टेंबर १८८२) जेमतेम साडेतीन महिने झाले होते. तेव्हा हे झाड म्हणजे घरगुती हौस होती तशी धंद्याची जाहिरातही होती, हे उघड आहे. डेट्रॉइटच्या एका वृत्तपत्राचा बातमीदार ते पाहायला आला आणि त्याने लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला तपशील मिळतो.

अक्रोडाएवढे काचेचे ८० दिवे. साधारण सारख्या संख्येने पांढरे, लाल आणि निळे. झाड एका लहानशा पाइनच्या पेटीवर उभे आणि मिनिटाला सुमारे सहा फेरे घेणारे. फिरता फिरता रंग बदलत, दिवे विझत आणि पुन्हा लागत. छतावर तारांवर टांगलेले आणखी २८ दिवे. बातमीदार दिव्यांनी भारावून गेला. आम्हांला मात्र त्याच्या बातमीतला सर्वांत मोलाचा शब्द 'पेटी' हा वाटतो.

त्या पेटीत काय चालते ते दोन वर्षांनी उलगडले. डिसेंबर १८८४ मध्ये जॉन्सन यांच्या झाडाची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आली. आता झाड सहा फूट उंचीचे होते आणि दिवे १२० झाले होते. तळघरात मोठा डायनॅमो होता. झाडाच्या पायथ्याशी एक छोटा डायनॅमो ठेवून त्याला मोठ्याचा प्रवाह दिला होता, म्हणजे तो मोटार बनून झाड फिरवी. (डायनॅमो आणि मोटार ही एकाच यंत्राची दोन कामे आहेत हे नववी-दहावीच्या मुलांना सांगायला यापेक्षा देखणे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.) दिव्यांचे सहा संच केले होते. झाडाभोवती तांब्याचे पट्टे आणि त्यांना टेकणारी बटणे अशी योजना होती. झाड फिरले की एका संचाची जोडणी तुटे आणि दुसऱ्याची जुळे. आधी शुभ्र पांढरा, मग लाल-पांढरा, मग पिवळा-पांढरा असे रंग एकामागून एक येत.

ही युक्ती आपण नीट समजून घेऊ. दिवे फिरत्या झाडावर आहेत आणि वीज स्थिर जमिनीवरून येते. साधी तार जोडली तर दोन-चार फेऱ्यांतच ती झाडाला गुंडाळली जाईल. म्हणून फिरत्या भागावर तांब्याचा पट्टा आणि त्याला टेकून घासणारा स्थिर स्पर्शक हवा. एक पट्टा अखंड ठेवला तर प्रवाह सतत वाहतो. तोच पट्टा कापून त्याचे तुकडे केले आणि एकेक तुकडा एकेका संचाला जोडला, तर स्पर्शकासमोर जो तुकडा येईल तेवढाच संच पेटेल. प्रेक्षकांच्या बाजूचाच संच पेटावा अशी तुकड्यांची मांडणी करता येते, आणि जॉन्सन यांनी ती केली होती. मोटारीतल्या दिक्परिवर्तकाचेच हे भावंड. तिथे तुकड्यांचा उपयोग प्रवाहाची दिशा बदलायला होतो, इथे रंग बदलायला. पहिल्या बातमीतला वेग घेतला तर एक फेरा दहा सेकंदांचा. सहा संच असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे पावणेदोन सेकंद. डोळ्यांना रंग ओळखता येईल पण कंटाळा येणार नाही, असाच हा वेळ आहे.

१८८२ च्या बातमीतली एक गोष्ट मात्र वर्गात तपासून पाहण्यासारखी आहे. मुख्य कचेरीतून आलेल्या तलम तारेतल्या प्रवाहावर सारे चालते, असे तो बातमीदार लिहितो. पर्ल स्ट्रीटचे केंद्र मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळ होते, जॉन्सन यांच्या घरापासून चार किलोमीटरहून दूर. आपण उदार होऊन अंतर दोनच किलोमीटर धरू. जाऊन-येऊन तार चार किलोमीटर. प्रवाह पाच अँपिअर आणि ११० व्होल्टपैकी ११ व्होल्ट वाटेत गमवायची तयारी, असे धरले तर तारेचा रोध २.२ ओहमपेक्षा जास्त नको. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर घेऊन गणित केले की तारेचा छेद सुमारे ३१ चौरस मिलिमीटर आणि व्यास सहा मिलिमीटरहून अधिक येतो. म्हणजे जवळपास पेन्सिलीएवढी जाड तार, आणि तीही एक नव्हे, दोन! तलम तारेची गोष्ट ओहमच्या नियमापुढे टिकत नाही. तळघरातल्या डायनॅमोची १८८४ ची हकीकत अधिक पटते. दिष्ट प्रवाहाची वीज कमी व्होल्टतेने दूर नेणे किती महाग पडते, हे एडिसनच्या कंपनीला पुढे जड गेलेले सत्य या झाडापाशीही दिसते.

याच १८८२ साली मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले होते. नगरपालिकेने ज्या कंपनीला काम दिले होते तिचे दिवाळे वर्षभरात निघाले आणि मार्केट पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आले. मुंबईला वाडी बंदरच्या केंद्रातून नियमित वीज मिळू लागली ती १९०५ मध्ये. १८९३ साली लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले तेव्हा विजेची आरास हा विषयच नव्हता. पण वीज आल्यावर जॉन्सन यांच्या पेटीतले तत्त्व आपल्याकडेही रुजले. बंगालमधल्या चंदननगरचे कारागीर जगद्धात्री पूजेच्या रोषणाईसाठी नावाजलेले आहेत. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक येण्यापूर्वी तिथला धावणारा प्रकाश 'रोलर'वर चाले. लाकडी दंडगोलावर ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या, त्यांवर टेकलेले स्पर्शक आणि दंडगोल फिरवणारी मोटार. पट्टी जितकी लांब तितका वेळ दिवा पेटलेला. पट्टी कुठे सुरू होते यावर तो कधी पेटणार हे ठरे. पुण्यात हलत्या देखाव्यांच्या चौथऱ्याखाली वाकून पाहिलेल्या वाचकांना मोटारी, पट्टे आणि तिरकस चकत्यांचा तो पसारा आठवेल. मूर्तीमागे फिरणारे रंगीत जिलेटिन कागदाचे चक्रही याच कुळातले. तिथे फक्त दिवा स्थिर राहतो आणि रंग फिरतो.

माळेतले गणित

जॉन्सन यांचे झाड श्रीमंताचे होते. दिवे हाताने केलेले, जोडणी करायला वीजतंत्री. सामान्य घरात रोषणाई पोचली ती तयार माळेने. अमेरिकेत १९०३ च्या सुमारास अशा माळा विकायला आल्या. १९२५ साली तिथल्या माळा करणाऱ्या छोट्या कारखानदारांनी आपली संघटना केली आणि पुढच्याच वर्षी तिची 'नोमा' ही कंपनी झाली.

त्या काळच्या नेहमीच्या अमेरिकन माळेत आठ दिवे असत, प्रत्येक १५ व्होल्टचा, सगळे एकसर जोडणीत. आठ गुणिले पंधरा म्हणजे १२०, तिथल्या घरातली व्होल्टता. रोहित्र नको, काही नको, भिंतीतून थेट वीज. आपल्याकडे हेच गणित २३० व्होल्टांना लावले आणि सहा व्होल्टांचे दिवे घेतले की अडतीसच्या आसपास दिवे लागतात. गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात सुटे दिवे आणि तार आणून ज्यांनी घरी माळ केली आहे त्यांना हा आकडा ओळखीचा असेल.

एकसर जोडणीतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते. हा तिचा दोष सर्वांना ठाऊक असतो. तिचा खरा धोका मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. मुलांना विचारून पाहावे: माळेतला एक दिवा गेला, तर त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टमीटर किती दाखवेल? बहुतेक मुले 'शून्य' म्हणतात, काही 'सहा' म्हणतात. उत्तर आहे २३०. प्रवाह थांबला की इतर दिव्यांच्या रोधात विभवांतर पडतच नाही, आणि सारेच्या सारे त्या तुटलेल्या जागी येऊन उभे राहते.

आता त्या जागेतला दिवा काढून कुणी दोन बोटे होल्डरच्या दोन टोकांना लावली तर? समजा दिवे सहा व्होल्ट, ०.१ अँपिअरचे आहेत. पेटलेल्या दिव्याचा रोध ६० ओहम, पण थंड तंतूचा रोध त्याच्या सुमारे दशांश. म्हणजे उरलेल्या ३७ दिव्यांचा मिळून २२० ओहम. ओल्या हातांच्या माणसाचा रोध १५०० ओहम धरला तर पहिल्या क्षणी, तंतू थंड असताना, प्रवाह होतो सुमारे १३० मिलिअँपिअर. माणूस वाचावा म्हणून घरात बसवतात ते गळतीरोधक उपकरण ३० मिलिअँपिअरला वीज तोडते. शिवाय इथे दोन्ही टोके बोटांतच असतील तर प्रवाह आल्या वाटेने परत जातो, गळती होतच नाही, आणि ते उपकरणही गप्प बसते. 'सहा व्होल्टचाच तर दिवा आहे' हे वाक्य किती फसवे आहे ते यावरून कळावे. दिवा सहा व्होल्टचा असतो, माळ नसते.

दुरुस्तीची घरगुती रीतही अशीच तपासण्यासारखी आहे. गेलेल्या दिव्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी खुपसायची आणि माळ चालू करायची. आठ दिव्यांच्या माळेत असे केले तर उरलेल्या सातांवर १५ ऐवजी १७ व्होल्टांहून जास्त येतात, म्हणजे १४ टक्के अधिक. तंतूच्या दिव्याचे आयुष्य व्होल्टतेच्या साधारण बाराव्या-तेराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे आयुष्य एकदम पाचव्या-सहाव्या हिश्शावर येते. लवकरच दुसरा दिवा जातो, मग तिसरा, आणि दर खेपेला उरलेले अधिक तापतात.

पुढे १९६० नंतर अडीच व्होल्टांच्या इवल्या दिव्यांच्या, पन्नास-पन्नासांच्या माळा आल्या तेव्हा हीच 'चांदी' कारखान्यात दिव्याच्या आत बसवण्यात आली. तंतूच्या खाली दोन आधारतारांना एक बारीक तार गुंडाळलेली असते, तिच्यावर ऑक्साइडचा विद्युतरोधक थर असतो. दिवा चालू असताना तिच्यावर अडीचच व्होल्ट असतात, थर टिकतो. तंतू तुटला की सगळी १२० व्होल्टता तिथे येते, थर फुटतो, तार जोडली जाते आणि माळ पेटती राहते. जो गुण बोटांना घातक तोच इथे कामाला लावला आहे. आणि हे पन्नास दिव्यांतच परवडते. एक दिवा वगळल्याने बाकीच्यांवरचा भार दोनच टक्के वाढतो, आयुष्य पावभागाने कमी होते इतकेच. आठांच्या माळेत हीच युक्ती केली असती तर ती माळ एका संध्याकाळीही भरवशाची राहिली नसती.

वाया जाणारी उष्णता

मेणबत्तीच्या पिरॅमिडकडे जरा परत वळू. तंतूचा दिवाही उजेडापेक्षा उष्णताच अधिक देतो, आणि हुशार माणसांनी ती कामाला लावली. १९४६ साली नोमा कंपनीने बुडबुड्यांचा दिवा बाजारात आणला. कल्पना कार्ल ओटिस यांची. प्लास्टिकच्या गोल बैठकीत दिवा, आणि त्यावर मेणबत्तीच्या आकाराची बंद काचनळी. नळीत मेथिलिन क्लोराइड, जे सुमारे ४० अंश सेल्सिअसलाच उकळते. बैठकीतला दिवा तापला की नळीतून बुडबुड्यांची रांग वर चढू लागते. (हे द्रव विषारी आहे. अशी जुनी नळी हाती आली तर फोडून पाहू नये.) लुकलुकणाऱ्या माळेतला वेगळा दिवाही असाच. त्याच्या आत द्विधातूची पट्टी असते. तापली की वाकते आणि परिपथ तोडते, थंड झाली की परत जोडते, आणि एकसर जोडणीमुळे तिच्याबरोबर सगळी माळ लुकलुकते.

हीच उष्णता बंद बैठकीत कोंडली तर शत्रू होते. थर्मोकोल सुमारे १०० अंशांना मऊ पडते, तर तंतूच्या मोठ्या दिव्याची काच त्याहून सहज जास्त तापते. थर्मोकोलच्या मखरात असे दिवे दडवण्याची पद्धत कित्येक वर्षे बिनदिक्कत चालली. २०१८ मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली ती प्रदूषणाच्या कारणाने. आगीचे कारण एकटेच पुरेसे होते.

एलईडीने हा प्रश्न बराचसा मिटवला. निक होलोन्याक यांचा लाल एलईडी १९६२ चा. निळा, तेजस्वी एलईडी १९९० च्या दशकात सिद्ध झाला आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. मात्र मिणमिण उष्णतेच्या या दिव्यापुढे पिरॅमिड थांबतो, बुडबुडे थांबतात, द्विधातूची पट्टी वाकत नाही. एलईडीच्या पिरॅमिडला लपवलेली मोटार लागते, आणि लुकलुकायला लागते चिप. जॉन्सन यांचे तांब्याचे तुकडे चिपमध्ये शिरले आहेत. ते आता दिसत नाहीत, एवढाच फरक. थेट २३० व्होल्टांवर चालणाऱ्या एलईडीच्या माळेला वर सांगितलेला धोका मात्र जसाच्या तसा लागू आहे.

म्हणून शाळेत बैठक करायची तर आम्ही जुन्या पेटीकडे जाऊ, आणि वीज घेऊ तीन पेन्सिल-सेलची, ४.५ व्होल्ट. आठ सेंटिमीटर व्यासाची प्लास्टिकची बरणी घ्यावी. तिचा परीघ येतो सुमारे २५ सेंटिमीटर. तळात आणि झाकणात मधोमध भोक पाडून त्यांत जाड रिफिलचे तुकडे बसवावेत, आणि लाकडी फळीवर उभ्या ठोकलेल्या सायकलच्या तारेवर बरणी फिरती ठेवावी. बरणीच्या बुडाजवळ ॲल्युमिनिअमच्या कागदाची एक अखंड पट्टी चिकटवावी. तिच्यावर थोडे अंतर सोडून आठ-आठ सेंटिमीटरचे तीन तुकडे, मध्ये तीन-चार मिलिमीटरच्या फटी. तांब्याची चिकटपट्टी मिळाली तर उत्तम, कारण ॲल्युमिनिअमला डाख लागत नाही आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर स्पर्श बिघडवतो. जुन्या बॅटरीतल्या दोन लवचीक पितळी पट्ट्या फळीवर अशा ठोकाव्यात की एक अखंड पट्टीला घासेल आणि दुसरी तुकड्यांना. सेलचे ऋण टोक पहिलीला, धन टोक दुसरीला.

लाल, पांढरे आणि निळे एलईडी बरणीच्या झाकणावर, वरच्या देखाव्यात बसवावेत. सगळ्यांचे आखूड पाय एकत्र करून अखंड पट्टीला, आणि लांब पाय रोधामार्फत आपापल्या तुकड्याला. लाल एलईडीवर सुमारे दोन व्होल्ट पडतात, उरलेल्या अडीच व्होल्टांसाठी २२० ओहमचा रोध घातला की प्रवाह ११ मिलिअँपिअर होतो. निळ्या-पांढऱ्यावर तीन व्होल्ट पडतात, त्यांना १५० ओहम पुरे. हे गणित मुलांनाच करू द्यावे. एलईडीवर बटर पेपरचा घुमट केला आणि बैठकीची आतली बाजू पांढरी रंगवली तर प्रकाश सारखा पसरतो. मोठ्या बैठकीसाठी बारा व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्यायचा झाला तर तो भारतीय मानक ब्यूरोची खूण असलेलाच घ्यावा, आणि त्याच्यापलीकडची २३० व्होल्टची बाजू मुलांच्या हाताशी येऊ देऊ नये.

बरणी हाताने संथ फिरवून पाहिली की मुलांना काही गोष्टी आपोआप दिसतात. पितळी पट्टी फटीपेक्षा रुंद असेल तर क्षणभर दोन रंग एकत्र पेटतात. अरुंद असेल तर मध्येच काळोख होतो. काही दिवसांनी स्पर्शाची जागा काळी पडते, ती खोडरबराने पुसली की दिवे पूर्ववत लागतात. खेळण्यातली मोटार आणि रबराचा पट्टा जोडून बरणी आपोआप फिरवायची झाल्यास मोटारीला वेगळे सेल आणि वेगळे बटण द्यावे. जॉन्सन यांनीही प्रवाहाच्या दोन वाटा केल्या होत्या, त्यामुळे दिवे न विझवता ते झाड थांबवू शकत. एवढे झाल्यावर मुलांना एक प्रश्न द्यावा: झाड थांबवले, दिव्यांची वीज चालूच आहे, तर सहा संचांपैकी नेमके किती संच पेटलेले राहतील, आणि एकही पेटलेला राहणार नाही असे कधी होईल?